काचेचे धागेदोरे

संक्रांतीच्या आसपास गच्च्यांवर आणि मोकळ्या माळांवर पतंगांची गर्दी झाली, म्हणजे वर पाहणाऱ्याच्या मनात हटकून एक प्रश्न येतो : हा पतंग कोणाचा? उत्तर मिळवावयाचे तर पतंगाकडे टक लावून भागत नाही. नजर मांजावर ठेवून ती हळूहळू खाली आणावी लागते. मांजा मध्येच उन्हात विरघळून जातो, एखाद्या झाडाआड होतो, दुसऱ्याच्या मांजात मिसळल्यासारखा वाटतो. परंतु चिकाटी असली तर तो पाहणाऱ्याला कोण्या एका गच्चीवर, आसारी धरून उभ्या असलेल्या मुलापाशी नेऊन सोडतो. हा पोरखेळातला शोध २०२४ पासून युक्रेनच्या रणभूमीवर जिवावरचा उद्योग होऊन बसला आहे. तेथे पतंगाच्या जागी स्फोटके वाहणारे ड्रोन आहे, मांजाच्या जागी शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक काचेचा तंतू आहे, आणि आसारी चालकाच्या हातात नसून ड्रोनच्याच पोटाशी बांधलेली आहे. ही शेवटची गोष्ट किरकोळ दिसते खरी. पण पुढचे बहुतेक सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. त्यानंतरच्या एकदोन वर्षांत या युद्धाचे स्वरूप पालटत गेले, आणि ते पालटण्यात तोफांइतकाच वाटा चार पंख्यांच्या लहानशा उडत्या यंत्रांनी उचलला. या यंत्राच्या तोंडाशी कॅमेरा असतो आणि पोटाखाली स्फोटक. काही किलोमीटर मागे, एखाद्या पडक्या घराच्या तळघरात किंवा झाडीतल्या खंदकात त्याचा चालक बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांवर चष्म्यासारखे पडदे चढविलेले असतात आणि यंत्राच्या कॅमेऱ्याला जे दिसते तेच त्याला दिसते. जणू तो स्वतःच त्या यंत्रात बसून उडत आहे. रणगाडा, मालमोटार, खंदकाचे तोंड, किंवा एकटा चालणारा शिपाई, जे दिसेल त्याच्यावर तो यंत्र नेऊन आदळतो. यंत्र गेले तरी त्याचे फारसे वाटत नाही. ते स्वस्त असते, आणि दुसरे तयार असते.

हा सारा व्यवहार प्रारंभी बिनतारी लहरींवर चाले. चित्र लहरींवरून चालकाकडे येई आणि आज्ञा लहरींवरून यंत्राकडे जाई. या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, त्याच लहरींवर शत्रूने मोठा गोंगाट केला की चालकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येई आणि यंत्र कोठेतरी शेतात जाऊन पडे. या गोंगाटाला जॅमिंग म्हणतात, आणि दोन्ही सैन्यांनी त्याची यंत्रे खंदकाखंदकांतून आणि गाड्यागाड्यांवर बसविली. दुसरी उणीव अधिक घातक होती. जो लहरी सोडतो तो आपला ठावठिकाणाही सोडीत असतो. दोन ठिकाणी दिशाशोधक यंत्रे लावली आणि लहर कोठून येते त्या दोन रेषा नकाशावर काढल्या, तर त्या जेथे छेदतात तेथे बोलणारा असतो. अंधारात लपलेल्या माणसाने तोंड उघडले की तो सापडतो, तसाच हा प्रकार. शिवाय बिनतारी लहरी डोंगर आणि इमारती ओलांडीत नाहीत. यंत्र घराआड किंवा ओहोळात उतरले की नेमक्या शेवटच्या क्षणी चित्र फाटत असे.

या तिन्ही अडचणींवर उपाय निघाला तो म्हटला तर जुनाच. लहरींचा भरवसा नसेल तर तार लावावी! मात्र तांब्याची तार जड असते आणि इतक्या लांबून चालते चित्र वाहून नेण्यास ती असमर्थ ठरते. तेथे काचतंतू कामास आला. २०२४ च्या वसंतात रशियन बाजूकडील अशी ड्रोने प्रथम युक्रेनियन सैनिकांच्या हाती पडली. त्या वर्षीच्या ६ ऑगस्टला युक्रेनच्या सैन्याने सीमा ओलांडून रशियाच्या कुर्स्क प्रांतात मुसंडी मारली आणि सुद्झा हे गाव घेतले. या तुकड्यांना रसद पोहोचविण्याचा मुख्य मार्ग सुमीकडून सुद्झाकडे जाणारा होता. हिवाळ्यात तंतूवर उडणाऱ्या रशियन ड्रोनांनी हा रस्ता असा काही वेठीस धरला की त्याच्या दोन्ही बाजूंना जळक्या वाहनांची रांग लागली. जॅमिंगची यंत्रे गाड्यांवर होती, चालूही होती. पण ज्याला लहर ऐकूच येत नाही त्याला गोंगाटाची बाधा कोठून होणार? मार्च २०२५ मध्ये रशियाने सुद्झा परत घेतले. त्या माघारीची कारणे अनेक होती. परंतु रस्ता तुटणे हे त्यांतील मोठे कारण, आणि तो तोडण्यात काचेच्या या दोऱ्याचा हात होता, हे निश्चित. पुढे युक्रेननेही हीच युक्ती उचलली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंची हजारो ड्रोने दोरा सोडीत उडू लागली.

हा दोरा म्हणजे काही युद्धासाठी काढलेली नवी वस्तू नव्हे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सातबाऱ्याचा उतारा ज्या मार्गाने येतो, त्याच जातीचा हा तंतू. काचेच्या वाकड्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. परंतु त्या काळची काच इतकी अशुद्ध होती की थोड्याच अंतरावर प्रकाश संपून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी हिशेब मांडला की, एक किलोमीटरनंतर मूळ प्रकाशाचा एक टक्का जरी उरला तरी दूरभाषाला तेवढा पुरे. पुढे चारच वर्षांत अमेरिकेत तशी काच तयार झाली, आणि काओ यांना त्या कामासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा तंतू इतका स्वच्छ आहे की योग्य तरंगलांबी निवडली तर वीस किलोमीटर गेल्यावरही सुमारे चाळीस टक्के प्रकाश शिल्लक राहतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत अशी काच आणि असा तंतू काढला जातो. मराठवाड्याच्या कोरड्या मातीत निघणारी ही वस्तू पुढे देशोदेशींच्या रस्त्यांखाली पुरली जाते. रणांगणावरचा तंतू मात्र बहुतांशी चिनी कारखान्यांतून येतो. रशियात असा तंतू बनविणारा कारखाना मोर्दोव्हिया प्रांतातील सारान्स्क शहरी होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये युक्रेनच्या लांब पल्ल्याच्या ड्रोनांनी त्याच्यावरच हल्ला केला. दोऱ्याचे महत्त्व किती वाढले होते याची कल्पना यावरून येईल.

तंतूची मापे पाहिली तर तो उडत्या यंत्रावर का परवडतो हे कळते. आतील काचेची जाडी एक अष्टमांश मिलिमीटर; तीवर प्लास्टिकच्या जातीचा लेप, तो धरून पाव मिलिमीटर. एक किलोमीटर तंतूचे वजन जेमतेम पासष्ट-सत्तर ग्रॅम भरते, म्हणजे दहा किलोमीटरचे पाऊण किलोच्या आत. रिळाचे वजन वेगळे. एकाच तंतूतून दोन निरनिराळ्या तरंगलांबींचे, डोळ्यांना न दिसणारे प्रकाशकिरण उलटसुलट धावतात : एकावर चित्र, दुसऱ्यावर आज्ञा. ते परस्परांत मिसळत नाहीत. प्रारंभी हे रीळ दहा किलोमीटरच्या आसपास असे. पुढे वीस किलोमीटर आणि त्याहूनही लांबीची रिळे वापरात आली. यंत्र अर्थातच जड होते, त्याचा वेग आणि चपळाई कमी होते, पण त्याच्या मोबदल्यात चालकाला अखेरच्या हातभर अंतरापर्यंत स्वच्छ चित्र मिळते. काही चालक तर यंत्र रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवतात, पंखे बंद करतात, आणि वाटसरूची वाट पाहणाऱ्या दरोडेखोरासारखे तासन्‌तास दबा धरून बसतात.

आता त्या आसारीकडे वळू. रीळ चालकापाशी ठेवले असते तर यंत्राने पुढे जाताना सगळा दोरा ओढून नेला असता. तो झाडांत अडकून पहिल्या दोनशे मीटरांतच तुटला असता. म्हणून रीळ यंत्रावर ठेवतात. यंत्र पुढे जाते आणि दोरा मागे सुटत राहतो. सुटलेला दोरा जागचा हलत नाही. जेथे पडला तेथेच, गवतावर, फांद्यांवर, विजेच्या तारांवर निवांत पडून राहतो. यामुळे दोरा तुटत नाही हा लाभ झाला, पण एक हानीही झाली. यंत्र ज्या वाटेने गेले ती वाट, तिच्या सगळ्या वळणांसकट, जमिनीवर लिहून राहिली. बिनतारी लहर क्षणात विरून जाते आणि तिचा पुरावा उरत नाही. तंतू मात्र यंत्राचा स्फोट झाल्यावरही तसाच राहतो, आणि त्याचे एक टोक स्फोटाच्या जागी असले तर दुसरे टोक, निदान काही काळ, ज्याने तो स्फोट घडविला त्याच्या पेटीत खोचलेले असते. गुन्हेशाखेच्या बातम्यांत ‘धागेदोरे हाती लागले’ असे वाक्य वाचण्याची सवय मराठी माणसाला आहे. येथे त्या वाक्प्रचाराचा वाच्यार्थच खरा झाला.

तारेने सोडलेल्या अस्त्राची तारच त्याच्या धन्याला दाखवून देते, हा अनुभव युद्धशास्त्राला नवीन नाही. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या पायदळाने सिनाईच्या वाळवंटात माल्युत्का नावाची सोव्हिएत रणगाडाभेदी अस्त्रे वापरली. ती बारीक तारेवर चालत. तीन किलोमीटर जावयास त्यांना सुमारे पंचवीस सेकंद लागत, आणि तेवढा वेळ चालकाला हातातली दांडी स्थिर धरून अस्त्राकडे पाहत राहावे लागे. इस्रायली रणगाड्यांची प्रारंभी मोठी हानी झाली. लढाईनंतर कित्येक रणगाड्यांच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा लोंबत असल्याच्या हकीकती आहेत. परंतु काही दिवसांतच रणगाडेवाल्यांनी उपाय शोधला. अस्त्र सुटल्याचा धूर दिसताच अस्त्राकडे नव्हे, तर ज्या दिशेने ते आले त्या दिशेला, म्हणजे चालकाच्या अंगावर, गोळीबार सुरू करावयाचा. माणूस दचकला की दांडी हलते, आणि दांडी हलली की अस्त्र चुकते. सोव्हिएत अभियंत्यांना ही अडचण आधीच ठाऊक असावी. कारण चालकाला अस्त्रापासून काही मीटर दूर बसता येईल अशी जोडतार त्यांनी मुळातच दिलेली होती. अस्त्र एकीकडे, माणूस दुसरीकडे, ही फसवणूक पन्नास वर्षांनी युक्रेनमध्ये जशीच्या तशी परत आली आहे.

दोरा शोधणे बोलण्याइतके सोपे नाही. तंतू पारदर्शक असतो. दुपारच्या उन्हात वरून पाहणाऱ्याला तो मुळीच दिसत नाही. उष्णता टिपणारा कॅमेराही येथे निरुपयोगी ठरतो. कारण तंतूतून वीज जात नाही, तो तापत नाही, आजूबाजूच्या गवताइतकाच तो थंड असतो. जो काही दिसावयाचा तो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. काचेची गोल सळई उन्हात धरली तर तिच्यावर एका ठिकाणी ठिणगीसारखा बिंदू चमकतो आणि पाहणाऱ्याने मान हलविली की तो बिंदू सरकतो. तंतूचेही तसेच आहे. सरळ पडलेल्या तंतूचा सगळा धागा एकदम उजळत नाही. सूर्य, तंतू आणि डोळा यांचा कोन जेथे जुळतो तेवढाच भाग चमकतो. टेहळणीचे ड्रोन त्याच्यावरून पुढे सरकले की ती चमक दोऱ्यावरून धावत जाते. पावसाळ्याच्या शेवटी सकाळी कुंपणावरची कोळ्याची जाळी ज्याने पाहिली आहेत, त्याला हा देखावा वेगळा समजावून सांगावयास नको. दव पडले किंवा हिवाळ्यात तंतूवर हिमकण बसले तर तो आणखी स्पष्ट होतो. तिरप्या उन्हात घेतलेली तेथील शेतांची छायाचित्रे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत सारे शिवार रेशमाने मढविल्यासारखे दिसते. पाहणाऱ्याला ते दृश्य क्षणभर सुंदर वाटते, हीच त्यातली विपरीत गोष्ट.

त्या रेशमातून एक दोरा निवडून त्याचा माग काढावयाचा, ही खरी कसोटी. कालचा दोरा कोणता, आजचा कोणता? आपला कोणता, त्यांचा कोणता? दोन्ही सैन्ये एकाच पट्ट्यात उडत असल्याने दोरे एकमेकांना ओलांडून जातात. मध्येच एखादी गाडी जाते आणि चाकात दहा दोरे गुंडाळून नेते. फांदीवर तुटलेला दोरा वाऱ्याने दुसरीकडे जाऊन पडतो. शिवाय हुषार चालक यंत्र सरळ नेत नाही. प्रथम एखाद्या झाडीच्या रांगेने बाजूला जातो, मग वळतो. म्हणून एकट्या दोऱ्याच्या मागे जाणाऱ्याची पुष्कळदा निराशा होते. अनुभवी टेहळ्या एका दोऱ्याकडे पाहत नाही; तो दोऱ्यांच्या रचनेकडे पाहतो. एका जागेवरून दिवसाकाठी दहा-वीस उड्डाणे झाली तर ते सारे दोरे पुढे पसरत जातात आणि मागे एकवटत येतात. हातपंख्याच्या काड्या जशा मुठीपाशी मिळतात तसे. ती मूठ सापडली की चालकाची जागा, किंवा निदान त्याची उड्डाणाची जागा, सापडली. मग त्या जागेवर नजर ठेवायची. कोणी बॅटऱ्यांची पेटी घेऊन आत जातो का, सायंकाळी कोणी पाण्यासाठी बाहेर येतो का, हे पाहायचे. दोरा फक्त मोहल्ला दाखवितो. दार दाखवितो तो माणसाचा नित्यक्रम. असा माग काढून चालकाच्या आसऱ्यावर दुसरे ड्रोन धाडल्याच्या चित्रफिती प्रसिद्ध झालेल्या आहेत. तथापि त्या पाहून असा शोध दररोज साधतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. सापडलेल्यांच्याच चित्रफिती प्रसिद्ध होतात. हुकलेल्यांच्या होत नाहीत.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने पाहिले तर याहून नेटका एक मार्ग आहे, आणि दूरसंचार खात्यातल्या कोणाही तंत्रज्ञाला तो सुचेल. रस्ता खोदताना भूमिगत तंतू तुटला म्हणजे तो नेमका कोठे तुटला हे शोधण्यासाठी सगळा रस्ता उकरीत नाहीत. ओटीडीआर नावाचे उपकरण तंतूच्या एका टोकाला जोडतात. ते प्रकाशाचा अत्यंत आखूड ठोका आत सोडते आणि परत येणाऱ्या मंद उजेडाची नोंद घेते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. टोकावरून परतलेला उजेड नव्वद मायक्रोसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन अठरा किलोमीटर झाले. अर्थात टोक नऊ किलोमीटरांवर. दुसरेही एक चिमट्यासारखे उपकरण असते. तंतू त्यात किंचित वाकविला की आतला प्रकाश थोडासा बाहेर गळतो आणि तंतू जिवंत आहे की मृत, तसेच प्रकाश कोणत्या दिशेने येत आहे, हे कळते. हे दोन चाकर हाताशी असले तर जमिनीवर सापडलेल्या तंतूविषयी पुष्कळ काही सांगता येईल, असे वाटते.

पण कागदावरचा हिशेब आणि जागेवरची पाहणी यांत अंतर पडते, हे सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्याला सांगावयास नको. पहिली गोष्ट, उपकरण लांबी सांगते, दिशा सांगत नाही. नऊ किलोमीटर दोरा म्हणजे नऊ किलोमीटर अंतर नव्हे; वळणे आणि सैलपणा वजा जाता चालक सहा किलोमीटरांवरही असेल. एवढे मात्र खरे की तो नऊच्या पलीकडे नाही, आणि नकाशावर वर्तुळ काढावयास तेवढे पुरते. दुसरी गोष्ट, वाटेत दोरा तुटलेला असला तर उपकरण तुटीचे अंतर सांगेल, माणसाचे नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, हे सगळे करावयाचे तर एखाद्या माणसाने उघड्या शेतात गुडघे टेकून, केसाएवढ्या तंतूचे टोक सोलून, नीट कापून उपकरणात बसवावयाचे. ज्या शेतावर दिवसरात्र ड्रोनांची घिरटी चालू आहे तेथे असा निवांतपणा कोणाला मिळणार? म्हणूनच कारखान्यातली युक्ती मागे पडते आणि तिरप्या उन्हात आकाशातून पाहणारा डोळाच उपयोगी ठरतो.

चालकाची बाजूही पाहिली पाहिजे. कारण या शोधाच्या टोकाशी यंत्र नसून तो आहे. ड्रोन आठवड्यात बनते. चांगला चालक बनावयास महिनोन्‌महिने लागतात आणि तो पडला तर त्याच्यासोबत त्याचा हात, त्याची नजर, त्या भूभागाची त्याची ओळख, सारेच जाते. दोन्ही सैन्यांनी हा हिशेब फार लवकर ओळखला. रशियाने २०२४ मध्ये रुबिकॉन नावाचे जे केंद्र उभे केले, त्याच्या तुकड्यांच्या कामांत युक्रेनियन ड्रोनचालकांना हुडकून मारणे हे प्रमुख काम आहे. एके काळी नेमबाजाची जी शिकार होई ती आता चालकाची होते. तंतूने चालकाला लहरींच्या दिशाशोधकापासून वाचविले, आणि त्याच हाताने दारापासून शत्रूपर्यंत दोरी बांधून दिली. म्हणून त्याच्या दैनंदिन कामात नवे नियम आले. उड्डाण संपले की आपल्याकडचे टोक कापून गुंडाळून घ्यावयाचे. यंत्र आसऱ्याजवळून उडवावयाचे नाही. दूर झाडीत ठेवावयाचे आणि तेथपर्यंत वेगळा तंतू जमिनीलगत, पाल्याखालून न्यावयाचा. एका जागेवरून फार दिवस उडवावयाचे नाही, कारण पंख्याच्या काड्या मोजणारा कोणीतरी वर आहे. हे नियम सोपे आहेत. पण थकलेला माणूस, कडाक्याची थंडी आणि पंधरावे उड्डाण अशी गाठ पडली की नेमका टोक कापण्याचाच विसर पडतो.

ज्याच्यावर ड्रोन येते त्याचेही काही उपाय आहेत, आणि तेही दोऱ्यालाच धरून. शिपाई जवळ कात्री बाळगतात आणि दोरा दिसताच कापतात, कारण चालू यंत्राचा दोरा कापला तर ते आंधळे होऊन पडते. काही ठिकाणी खंदकांपुढे काटेरी तार मंदगतीने फिरती ठेवून दोरे गुंडाळून तोडण्याचे प्रयोग झाले. मुख्य रस्त्यांवर मासेमारीच्या जाळ्यांचे मांडव घातले गेले. त्या मांडवाखालून रुग्णवाहिका आणि भाकरीची गाडी एकाच वेगाने जातात.

लढाईची रेषा सरकली तरी दोरे मागे राहतात. काच मातीतलीच वस्तू, ती कोणाला विष देत नाही. पण तिच्यावरचा लेप वर्षानुवर्षे कुजत नाही. नायलॉनच्या मांजाने पाखरांचे आणि दुचाकीस्वारांचे काय होते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, ती उगाच नव्हे. युक्रेनची काळी जमीन आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीची आठवण करून देणारी आहे. तेथील कणसांत, कुंपणांत, ट्रॅक्टरच्या आसांत आता हे तंतू गुंतू लागले आहेत. २०२५ मध्ये आघाडीजवळ सापडलेल्या एका घरट्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. पक्ष्याने ते काडीकचऱ्यासोबत काचतंतू विणून बांधले होते.

शेताकडे परतणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र दोऱ्याचे दुसरेच टोक महत्त्वाचे ठरते. सैनिकाला चालकाकडचे टोक हवे असते. परंतु प्रत्येक दोऱ्याचा उलटा शेवट कोठेतरी गवतात, नाल्यात, पडक्या गोठ्यात झालेला असतो, आणि तेथे पडलेले प्रत्येक यंत्र फुटलेलेच असते असे नाही. सुरुंग काढणाऱ्या पथकांना हा दोरा त्या न फुटलेल्या स्फोटकाकडे नेऊ शकतो. त्यासाठी तो न ओढता, न तोडता, त्याच्या कडेकडेने, प्रत्येक पाऊल तपासून चालत जावे लागते. चाकात दोरा गुंडाळला म्हणून ट्रॅक्टरवाल्याने खाली उतरून तो हिसडा मारून ओढणे, हे तेथे आज सर्वांत धोक्याचे काम आहे. दोरा हाताला हलका लागतो, आणि त्याच्या टोकाला काय बांधले आहे हे ओढणाऱ्याला दिसत नाही.